पन्नास रील्स सेव्ह आहेत, पण रविवार घरातच जातो

या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलंय. लिहिणारीने खाली सही केलीये 'रीलग्रस्त', म्हणून तिला मी तेच म्हणणार. पत्र मोठं होतं, कामाचं तेवढं इथे देते.

"ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षांपूर्वी नांदेडहून डोंबिवलीला आलो. नातेवाईकांना वाटतं आम्ही मुंबईत राहतो म्हणजे रोज काहीतरी बघत असणार, प्रत्यक्षात मॉल आणि जुहू चौपाटी याच्या पुढे आमची मजल गेलेली नाही. फेब्रुवारीत म्हणे मुंबईत खूप काही असतं, माझ्याकडे पन्नास-साठ रील्स सेव्ह आहेत, पण रविवार उजाडला की नवरा म्हणतो गर्दीत कशाला मरायला जायचं. सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत, मुलगी दुसरीत आहे, तिला तासाभरात कंटाळा येतो. महिन्याला पाच-सहा हजार बाजूला काढू शकते. काय बघू, कुठे खाऊ, आणि याला घराबाहेर कसं काढू?"

अगं रीलग्रस्त, आधी नवऱ्याचं बघू, कारण त्याच्यावर तू जरा जास्तच चिडलीयेस असं पत्रावरून वाटलं. तो सोमवार ते शनिवार डोंबिवलीची लोकल पकडतो. सकाळची डोंबिवली फास्ट म्हणजे काय ते तुला मी सांगायची गरज नाही. त्या माणसाला तू रविवारी सकाळी म्हणतेस चल सीएसएमटीला जाऊ, तर त्याच्या डोक्यात तो सातवा वर्किंग डे असतो. त्यात तू प्लॅन सांगतेस म्हणजे काय, तर एक एक्झिबिशन, एक फ्ली मार्केट, मग वांद्र्याचा कुठला तरी कॅफे आणि येताना मरीन ड्राइव्ह. चार ठिकाणं, तीन स्टेशनं, मध्ये कदाचित रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास बंद ठेवलेली लाइन. मीपण नाही म्हटलं असतं.

म्हणून या महिन्यापुरतं एवढंच कर. एका दिवशी एकच गोष्ट बघायची आणि खायचं त्याच्या चालत अंतरावर, शक्यतो परतीच्या स्टेशनच्या वाटेवर. तू सेंट्रल लाइनवर आहेस याचा फायदा घे ना, सीएसएमटी, मशीद, दादर, माटुंगा सगळं एका गाडीत. वांद्रे, जुहू, अंधेरीच्या रील्स या महिन्यात बघूच नकोस, त्या वेस्टर्नवाल्यांसाठी आहेत.

आता फेब्रुवारी. यंदा, म्हणजे २०२६ चा फेब्रुवारी फार सोयीचा पडलाय, सुरुवातीला काळा घोडा, मधे महाशिवरात्र रविवारी, शेवटच्या आठवड्यात रमजान सुरू झालेला असणार आणि २७ ला मराठी भाषा गौरव दिन.

काळा घोडा हा दक्षिण मुंबईतला कलेचा फेस्टिवल १९९९ पासून होतोय, नऊ दिवस असतो, एन्ट्री फुकट, आणि तो पहिल्या आठवड्यातच आटोपतो, त्यामुळे बघू पुढच्या रविवारी असं केलंस तर संपलं. जायचं शनिवारी आणि सकाळी. नवऱ्याला नेमका कुठला शनिवार सुट्टीचा आहे ते आजच विचार, नसेलच तर त्याला सोड, तू सासूबाई आणि मुलगी तिघी जा. संध्याकाळी पाचनंतर रॅम्पार्ट रोवर पाय ठेवायला जागा नसते आणि रील्समधे जे ते भलेमोठे इन्स्टॉलेशन्स दिसतात ना, त्यांच्यासमोर फोटोच्या रांगा लागतात, लोक बघत काहीच नाहीत, नुसते पाठ करून उभे असतात. सकाळी अकराच्या आसपास पोचलात तर तीच गोष्ट तुझी मुलगी जवळ जाऊन बघू शकते, कशाची बनवलीये, पत्रा आहे का कापड आहे का जुन्या बाटल्या आहेत. लहान मुलांची वर्कशॉप्सपण असतात पण त्यांचं रजिस्ट्रेशन आधी करावं लागतं आणि जागा पटापट भरतात, ते आज रात्रीच बघून घे.

सीएसएमटीहून मेट्रो थ्रीने एक स्टेशन, हुतात्मा चौक, तिथून काळा घोडा जवळच आहे. पण सासूबाईंचे गुडघे ठीक असतील तर जाताना चालतच जा, डी. एन. रोडच्या कमानींखालून, सावली असते आणि दोन्ही बाजूंना पुस्तकं, कपडे, मोबाइल कव्हर काय वाट्टेल ते विकायला असतं. मुलीला घोड्याची गोष्ट सांग. आत्ता तिथे जो काळा घोडा आहे त्यावर कुणी बसलेलं नाही, तो २०१७ ला बसवला. मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा होता, घोड्यावर बसलेला, तो १९६५ ला तिथून हलवला आणि आता भायखळ्याला राणीच्या बागेत उभा आहे. म्हणजे राजा गेला पण नाव राहिलं घोड्याचं! मुलांना हे जाम आवडतं, मग ती स्वतःच म्हणेल राणीच्या बागेतला पण बघायचा, तिथे पेंग्विनपण आहेत, फक्त बुधवारी बाग बंद असते. ते मात्र वेगळ्या दिवशी. त्याच दिवशी नाही! तुझी सवय माहिती झालीये मला.

जहांगीर आर्ट गॅलरी तिथेच आहे, १९५२ पासूनची, फुकट, दर आठवड्याला वेगळी चित्रं असतात. आवडली नाहीत तर दहा मिनिटांत बाहेर यायचं, कुणी विचारत नाही. बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार बसतात आणि समोर बसवून स्केच काढून देतात, मुलीचं काढून घे, भाव मात्र बसायच्या आधी ठरव. आत पूर्वी समोवार नावाचं कॅफे होतं, ते २०१५ ला बंद झालं आणि त्यावर आमच्या वयाच्या लोकांशी बोलायला लागलीस तर अर्धा तास गेलाच समज. मुलीला कंटाळा आला तर समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात मुलांसाठी वेगळं छोटं म्युझियम आहे, २०१९ ला सुरू झालंय, तिथे एक तास आरामात जातो. पण म्युझियमचं तिकीट काढून सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नकोस, ते पूर्ण दिवसाचं काम आहे.

खायचं कुठे? काळा घोड्याच्या गल्ल्यांमधले कॅफे सुंदर आहेत, पण चौघांचं बिल बघून तुझा महिन्याचा हिशोब पहिल्याच आठवड्यात कोलमडेल आणि फेस्टिवलच्या दिवसांत वेटिंग असतं ते वेगळंच. सरळ परत सीएसएमटीला ये, स्टेशनच्या समोर बाजारगेटच्या कोपऱ्यावर पंचम पुरीवाला आहे. फार फार जुनं, पूर्ण शाकाहारी, सासूबाईंना काही विचारावं लागणार नाही. पुऱ्या लाटताना तळताना समोर दिसतात, गरम पुरी बोटाला चटका देते, बटाट्याची भाजी पातळ असते ती पुरीने ओरपायची. टेबल शेअर करावं लागतं आणि उठा-बसा जरा घाईची असते, तिथे गप्पा मारत बसायची अपेक्षा ठेवू नका. खाल्लं, रस्ता ओलांडला, गाडीत बसलात, साडेतीन-चारला घरी. नवऱ्याला पहिल्या दिवशी एवढंच दाखव, की चारला घरी येता येतं.

दुसरी गोष्ट नाटक. तुझ्या पत्रात नाटकाचा एक शब्द नाही याचं मला खरंच वाईट वाटलं, अगं मराठी माणूस मुंबईजवळ राहायला येतो आणि नाटक बघत नाही म्हणजे काय. यंदा १५ तारखेला महाशिवरात्र रविवारी आलीये. सासूबाईंचा उपास असणारच. दादरला शिवाजी मंदिर नाट्यगृहात दुपारचा प्रयोग असतो साधारण साडेतीन-चारचा. पेपरात शनिवार-रविवारी नाटकांच्या जाहिरातींचं पान येतं ते बघ, नाहीतर बुकिंग ॲपवर बघ, तिकिटालय म्हणून मराठी ॲपपण आहे. नाटक कुठलं ते मी सांगणार नाही, सासूबाईंना ज्या नटाचं नाव माहिती आहे ते घे, टीव्हीवर रोज बघितलेला माणूस वीस फुटांवर उभा राहून बोलतोय याचं अप्रूप त्यांना जेवढं वाटेल तेवढं तुला पण वाटणार नाही. मुलगी बरोबर असेल तर विनोदी घे आणि कडेची सीट घे, मधेच बाथरूमला न्यावं लागलं तर आख्ख्या रांगेचे पाय तुडवायला नकोत. बाल्कनी स्वस्त पडते पण लहान मुलं तिथे चुळबुळ करतात कारण चेहरे नीट दिसत नाहीत. चार तिकिटांचे दीड-दोन हजार धर, महिन्याचा सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि तो वसूल होतो.

नाटकाआधी दादरमधे उपासाचं खाऊन घ्या. प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष, किंवा आस्वाद, दोन्ही शिवाजी मंदिरपासून चालत जाता येण्यासारखी. आस्वादची मिसळ २०१५ ला लंडनच्या कुठल्या तरी फूड अवॉर्डमधे जगातली बेस्ट व्हेज डिश ठरली होती. तेव्हापासून तिथे दाराबाहेर वेटिंग असतंच आणि महाशिवरात्रीच्या दिवशी साबुदाण्यासाठी सगळं दादर उलटलेलं असतं, म्हणून दीड वाजता तिथे हजर पाहिजे, अडीचला नाही. नाव लिहून घेतात, सासूबाईंना खुर्ची मिळते का बघ आणि तोवर नवऱ्याला मुलीबरोबर जरा फिरून यायला पाठव. मध्यंतरात थिएटरमधला बटाटावडा मात्र तुम्ही तिघांनी खायचाच, सासूबाईंसमोर खायला लाज वाटली तर आळीपाळीने खा. मध्यंतर छोटं असतं, पडदा पडताक्षणी एकाने उठून काउंटर गाठायचा, दिवे लागायची वाट बघणाऱ्याला वडा थंड मिळतो किंवा मिळतच नाही.

आणि मेगाब्लॉक. रविवारी जायचं म्हणजे शनिवारी संध्याकाळी बघायचं की सेंट्रलवर कुठे आणि किती वाजेपर्यंत ब्लॉक आहे. हे काम नवऱ्याला दे. खरंच दे. रोज ट्रेनने जाणाऱ्या माणसाला या विषयात प्रचंड मतं असतात, कुठली स्लो धरायची, कुठल्या डब्यात बसलं की दादरला जिना समोर येतो, आणि ज्या प्लॅनमधे स्वतःची अक्कल वापरली त्या प्लॅनला माणूस सहसा नाही म्हणत नाही.

तरीपण त्याला ट्रेनच नको असेल तर एक संध्याकाळ तुमच्याच गावात काढा. डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, ठाण्याचं गडकरी दुरुस्तीनंतर परत सुरू झालंय. जे नाटक दादरला लागतं तेच पंधरा दिवसांनी इकडे येतं, तेच नट, तोच सेट, आणि प्रयोग संपल्यावर रिक्षाने घरी. मला तर कधी कधी वाटतं की उपनगरातल्या लोकांनी उगाचच मुंबई-मुंबई करायचं सोडून आधी आपल्या गावातल्या थिएटरचं महिन्याचं वेळापत्रक बघावं. पण तुला 'मुंबई' बघायचीये, ते कळतंय मला, म्हणून पुढे जाते.

रमजान यंदा १९ तारखेच्या सुमारास सुरू होईल, चंद्र दिसण्यावर आहे. मोहम्मद अली रोडच्या खाऊगल्लीच्या रील्स तुझ्याकडे नक्की सेव्ह असणार. हा कार्यक्रम तुम्हा दोघांचाच ठेव, सासूबाई आणि मुलगी घरी. सासूबाईंचं कारण सरळ आहे, तिथे सगळीकडे शेगडीवर मांस भाजत असतं, आणि जो मालपुवा गोड म्हणून त्यांना आणून द्यायचा मोह होईल त्यात अंडं असतं, हे कितीतरी लोकांना माहितीच नसतं! फिरनी चालेल त्यांना, मातीच्या सकोऱ्यात मिळते, पण डोंबिवलीपर्यंत ती न सांडता आणणं तुमच्या नशिबावर.

जायचं मशीद किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून, मिनारा मशिदीचा पत्ता कुणीही सांगतो. जायचं पहिल्याच आठवड्यात, आणि सोमवार ते गुरुवारमधे कधीतरी. ईद जवळ यायला लागली की तिथे खरेदीची गर्दी आणि खाणाऱ्यांची गर्दी एकत्र होते आणि मग नवरा जे म्हणतो तेच खरं होतं, गर्दीत मरायला. त्याला ऑफिसहून परस्पर यायला सांग, तू घरून निघ. एक लक्षात ठेवा, रोजा सुटायच्या आधी स्टॉलवर जाऊन खायला सुरुवात करू नका, दिवसभर पाणीसुद्धा न प्यायलेले लोक आजूबाजूला असतात. मगरिबची अजान होते, लोक खजूर तोंडात टाकतात, नमाज होते, त्यानंतर आठ-साडेआठपासून गल्लीला रंग चढतो. पहिल्या स्टॉलवर पोट भरायचं नाही हा तिथला नियम समज, एक प्लेट दोघांत घ्यायची आणि पुढे सरकायचं. कबाब, नल्ली निहारी, भाजलेलं चिकन, शेवटी मालपुवा मलई घालून, तो एक दोघांना पुरून उरतो. सुलेमान उस्मान मिठाईवाल्याकडून घरी 'अफलातून' नावाची मिठाई घेऊन जा, टिकते. सुट्टे पैसे ठेव, पर्स पुढे घे आणि साडेदहा-अकराची गाडी धरा, शेवटच्या लोकलच्या भरवशावर राहू नका. दुसऱ्या दिवशी त्याला परत तीच फास्ट पकडायची आहे.

आता एक दिवस तुझा एकटीचा. पत्रात तू सगळ्यांचं लिहिलंस, सासूबाई काय खात नाहीत, मुलीला काय आवडत नाही, नवरा काय म्हणतो, तुला स्वतःला काय बघायचंय ते कुठेच नाही. नरिमन पॉइंटला एनसीपीएला जा. १९६९ पासूनची संस्था, शास्त्रीय संगीत, नाच, नाटक, पाश्चात्य संगीत सगळं असतं. त्यांच्या वेबसाइटवर महिन्याचा कार्यक्रम असतो, त्यात काही कार्यक्रम फुकट पण असतात, ते नीट शोधून बघ. सिम्फनी ऑर्केस्ट्राचा एक सीझन साधारण याच सुमाराला असतो. काही कळलं नाही तरी चालतं, सत्तर-ऐंशी माणसं एकाच वेळी वाजवताना समोर बसून ऐकणं हा प्रकार मोबाइलवर कळत नाही. फक्त मधे वाजायचं थांबलं की लगेच टाळ्या वाजवू नकोस, बाकीचे वाजवतील तेव्हा वाजव, आणि वेळेवर पोच, उशीर झाला तर मधल्या थांब्यापर्यंत बाहेर उभं करतात. परत येताना चर्चगेटजवळ के. रुस्तमकडे थांब, विटेसारखा आइस्क्रीमचा तुकडा दोन पातळ वेफर्समधे ठेवून देतात, पटकन खावा लागतो नाहीतर कोपरापर्यंत ओघळतो. तिथून सीएसएमटी टॅक्सीने. मैत्रीण असेल तर ने, नसेल तर एकटी जा, तिथे एकट्या आलेल्या बायका भरपूर असतात, कुणी वळून बघत नाही.

माटुंग्याचं थोडक्यात. सासूबाईंना बाहेरचं चालतं पण शुद्ध शाकाहारी, मग त्यांच्यासाठी माटुंग्याहून चांगली जागा नाही. स्टेशनला लागूनच रामा नायकांचं उडुपी आहे, १९४२ पासूनचं, केळीच्या पानावर जेवण. सकाळी गेलात तर रामाश्रय किंवा कॅफे मद्रास, फिल्टर कॉफी वाटीत ओतून प्यायची. रविवारी सकाळी नऊनंतर तिथे बाहेर एवढे लोक उभे असतात की विचारू नकोस, आणि सोमवारी कॅफे मद्रास बंद. म्हणजे हे एखाद्या आडवारीच कर, मुलीला शाळेत सोडून सासू-सुना दोघी. सासूबाई सुनेबरोबर डोसा खायला माटुंग्याला गेल्या ही बातमी नांदेडला पोचायला संध्याकाळ पण लागणार नाही.

पैशांचा हिशोब मी मनात करून बघितला. काळा घोडा फुकट, पुरीभाजी काही शे रुपये, नाटक आणि दादरचं खाणं मिळून अडीच-पावणेतीन हजार, मोहम्मद अली रोडला दोघांचे हजार-बाराशे, उरलेल्यात एनसीपीए आणि माटुंगा. पाच-सहा हजारांत बसतंय. टॅक्सी जास्त केल्यास तर नाही बसणार. आणि हे सगळंच झालं पाहिजे असंही नाही, काळा घोडा आणि नाटक एवढं झालं तरी मला कळव.

२७ चा मराठी भाषा गौरव दिन शुक्रवारी आहे, त्यासाठी मुंबई गाठायची काही गरज नाही, डोंबिवलीत ग्रंथालयं, शाळा, मंडळं सगळीकडे कार्यक्रम असतात. मुलीच्या शाळेत कविता म्हणायची स्पर्धा आहे का ते आत्ताच विचार, कुसुमाग्रजांची एखादी छोटी कविता आजीने पाठ करून घ्यायची, महिनाभर दोघी कामाला लागतील आणि तुला बुकिंगला वेळ मिळेल. नाटकाचं तिकीट मात्र या आठवड्यातच काढ, महाशिवरात्रीच्या रविवारच्या कडेच्या सीट्स शिल्लक राहत नाहीत.

— ताई

ता. क. : ब्रिटानिया नावाच्या इराणी रेस्टॉरंटचा बेरी पुलाव तुझ्या रील्समधे असेलच. ते बॅलार्ड इस्टेटला आहे, दुपारी चालू असतं. तो मार्चमधे.